डावीकडची गाडी

पप्पांनी मला पुन्हा भिंतीत घातलं आणि मी एवढ्या जोरात ओरडले, की आई लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काय झालं? कुणाला लागलं?"

"कुणाला न्हाई," पप्पा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "तुझी लेक मधे आली. तिला चालवता येत न्हाई."

"मी मधे आलो? पप्पा, मी तुमच्या शेजारी होतो! अख्खी गाडी शेजारी होती माझी!"

पुण्यात नोकरीच्या ठिकाणी मी व्यवस्थित 'आले, गेले' करायचे. घरात पाऊल टाकलं, की कोल्हापूरच्या सगळ्या पोरींसारखी परत 'आलो, गेलो'वर यायचे. रागात तर हमखास.

"भांडा, भांडा," आई म्हणाली. "एक म्हातारा झाला, एक लग्नाची झाली, आणि खेळण्यातल्या गाड्यांवरनं भांडताय." आणि ती आत गेली.

टीव्हीचा पडदा आडवा दुभागलेला होता. वरच्या अर्ध्यात पप्पा, खालच्या अर्ध्यात मी. माझ्या अर्ध्यात तुटलेलं चाक आणि धूर होता. वरच्या अर्ध्यात पप्पांची गाडी पुढचा पंख, म्हणजे नाकावरची आडवी पट्टी, मोडून फरफटत चालली होती. शर्यत दोघांचीही गेली होती.

या खेळात एक शर्यत खेळली आणि उठलं असं करता येतं, पण आम्ही तसं करत नव्हतो. आम्ही करिअर करत होतो. म्हणजे सुरुवात लहानशा गो-कार्टपासून. तिथं बरं चालवलं, की खालच्या दर्जाचा एखादा संघ बोलावतो. तिथं नाव केलं, की वरचा. हंगाम संपला की संघाचा निरोप पडद्यावर येतो, ठेवलं, चढवलं किंवा काढलं. दोघांनी जोडीनं करिअर करायचीही सोय होती, एकाच संघात पहिला ड्रायव्हर आणि दुसरा ड्रायव्हर म्हणून. आमच्या संघाचे पहिले ड्रायव्हर हिंदुराव नाईकवडे, वय वर्षं साठीच्या घरात, उद्यमनगरात जन्मभर मोटारसायकलींच्या सुट्या भागांचं दुकान चालवलेले. दुसरी ड्रायव्हर मी, त्यांची मुलगी तेजस्विनी.

दुकान बंद केल्यावर पप्पा नुसते खिडकीत बसून राहायला लागले, म्हणून मी तो खेळ, स्टिअरिंग आणि पायातली पेडलं घरी आणून बसवली होती. तरुणपणी माळावरच्या धुरळ्यात त्यांनी मोटारसायकली पळवल्या होत्या. निम्म्या गल्लीला गाडी त्यांनीच शिकवली होती. आधी म्हणाले, "हे पोरांचं हाय." पंधरवड्यात आंघोळ करून, भांग पाडून, धुतलेला शर्ट घालून स्टिअरिंगसमोर बसायला लागले. मी दर शनिवारी पुण्याहून यायचे ती खरं तर शर्यतीसाठी. आईला वाटायचं, तिच्यासाठी. तिचा तो गैरसमज मी कधी दूर केला नाही.

या खेळात एक सोय असते. धडकलात, तर एक बटण दाबून थोडं मागे जाता येतं आणि तेच वळण पुन्हा घेता येतं. पप्पांनी ती पहिल्याच दिवशी बंद करून टाकली.

"आंबा घाटात असलं बटण असतंय काय?" ते म्हणाले होते. "मग हितं कशाला?"

आणि पुढे मला खरी धास्ती वाटायची होती ती त्या घाटाचीच. कारण दुसऱ्या दिवशी, रविवारी, आम्हाला आंबा घाट उतरून रत्नागिरीला जायचं होतं. आक्काच्या, म्हणजे पप्पांच्या थोरल्या बहिणीच्या नातीचा साखरपुडा होता. गाडीत आई, आक्का आणि मी. चालवणार अर्थातच पप्पा. आमच्या गाडीला पप्पांशिवाय दुसरा ड्रायव्हर असू शकतो, हे घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मी पुण्यात रोज गाडी चालवायचे, पण ते पुण्यात.

त्या शनिवारी सकाळपर्यंत माझ्याही मनात काही आलं नव्हतं. या हंगामात पप्पा सारखे धडकत होते, हे खरं. आधीच्या हंगामांत माझ्यापेक्षा कितीतरी पुढे असणारा माणूस आता शेवटून पहिला यायला लागला होता. संघाचा खवचट निरोपही येऊन पडला होता, की शेवटच्या शर्यतीत गुण मिळवले नाहीत तर करार संपला. मी मनाशी म्हटलं होतं, वय झालं. हात मंदावले. आणि विषय बंद केला होता.

पण त्या धडकेनंतर शर्यतीच्या आकड्यांकडे बघत बसले, तेव्हा एक गोष्ट डोक्यात शिरेना. शर्यतीच्या आधी वेळेची फेरी असते. प्रत्येकानं एकट्यानं गाडी पळवायची, जो जलद तो पुढे उभा राहणार. त्यात पप्पा अजूनही माझ्यापुढे होते! हात मंदावलेल्या माणसाला ते जमलं नसतं. रस्ता मोकळा असला की पप्पा पूर्वीचेच होते. बाजूला गाडी आली की काहीतरी बिघडत होतं.

"जेवायला चला," आईनं हाक मारली.

ताटं वाढलेली होती. आमच्याकडे आई अजूनही ताट रीतीनं वाढते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूला. भाजी, आमटी उजव्या बाजूला. पप्पांनी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, आणि मान वर केली.

"शालन, खर्डा केला न्हाईस आज?"

"सकाळीच वाटलाय की. ताटात काय आहे मग?"

"कुठाय?"

"डावीकडं, हो. नेहमी कुठं असतो?"

पप्पांनी मान थोडी वळवली. "हां. हितं हाय." आणि बोट भरून खर्डा घेतला.

"रोज हेच चाललंय," आई मला म्हणाली. "समोर वाढलेलं दिसत नाही. लक्ष सगळं त्या शर्यतीत."

मी घास हातात धरून तशीच बसले. हिरवागार, मिरच्यांचा, पांढऱ्या ताटात वाढलेला खर्डा. तो न दिसायला काय झालं होतं? मग आठवलं, की शर्यतीत पप्पा हल्ली मला सारखं विचारत, "तेजू, मी कितवा चाललोय?" कोण कितवा, याची यादी पडद्यावर सतत असायची. ती वरच्या कोपऱ्यात असायची, डाव्या.  पुढचं जेवण मी कसंबसं गिळलं.

जेवून पप्पा आडवे झाले. खेळ प्रत्येक शर्यतीचं चित्रण साठवून ठेवतो. मी आवाज बंद करून एकेक धडक काढून बघायला लागले. वरून, आकाशातून बघितल्यासारखं. पप्पांची गाडी सरळ जातेय. दुसरी गाडी शेजारी येते. पप्पा तिच्या अंगावर वळतात. दुसरी शर्यत, तेच. तिसरी, तेच. उजवीकडून कुणी आलं, की पप्पा बरोबर एका गाडीची जागा सोडत होते, अगदी मापून. डावीकडून आलं, की तिथं कुणी नाहीच अशा खुशाल वळत होते. एकही धडक उजवीकडची नव्हती.

आई मागे येऊन उभी राहिली होती. मी तिला सांगितलं. वाटलं, ती हसण्यावारी नेईल. ती पलंगाच्या कडेला बसली.

"दोनदा दाराच्या चौकटीवर खांदा आपटलाय," ती हळूच म्हणाली. "डावाच. मी म्हटलं, चष्मा बदलायला झाला असेल."

"आई, उद्या घाट आहे."

"ठाऊक आहे मला."

"आपण भाड्यानं गाडी करूया."

"आणि त्यांना काय सांगणार? त्यांनी गाडी शिकवलेली माणसं आज दुसऱ्यांना शिकवतायत. तू म्हणालीस म्हणून ते किल्ली सोडतील?" ती उठली. "आधी खात्री कर. उगाच नको."

खात्री कशी करायची, ते मला माहीत होतं. हंगामाची शेवटची शर्यत राहिली होती.

पप्पा उठले, चहा प्यायले, भांग पाडून बसले. "आज गुण आणायचेच," म्हणाले. "नोकरी जायची वेळ आलीया." ते हसले. मला हसता येईना.

शर्यत सुरू झाली. मी मुद्दाम त्यांच्या मागे राहिले. मोठा सरळ रस्ता आला तेव्हा वेग वाढवून त्यांच्या उजव्या अंगाला गेले. त्यांनी लगेच जागा दिली. "ये, ये, बघितलंय तुला," म्हणाले. मी मागे पडले. पुढच्या फेरीला त्याच रस्त्यावर डाव्या अंगाला गेले. चाकाला चाक लावून. सगळा रस्ताभर मी तिथंच होते. "पप्पा," मी म्हटलं, "मी कुठाय?"

"मागं," ते म्हणाले, आणि वळण आलं तसे माझ्या अंगावर वळले.

दोन्ही गाड्या भिंतीत गेल्या.   टीव्हीच्या जागी मला आंबा घाट दिसत होता, आणि मागच्या सीटवर आई नि आक्का.

पप्पा गाडी सावरून पुढे निघाले होते, पण शेवटचेच आले. पडद्यावर निरोप उमटला. संघ आपल्यासोबतचा करार पुढे चालू ठेवू इच्छित नाही. आजवरच्या कामगिरीबद्दल आभार. त्याखाली दोन पर्याय होते. नवा संघ शोधा. निवृत्त व्हा.

पप्पा ते पुन्हा पुन्हा वाचत बसले.

"पप्पा," मी म्हटलं, "मी तुमच्या डावीकडं होतो. सगळा रस्ताभर. तुम्हाला दिसलो नाही."

"तू नव्हतीसच."

मी चित्रण लावलं. ते बघत राहिले. एकदा, मग दुसऱ्यांदा. मग त्यांचा चेहरा ताठरला.

"खेळात चुकतंय कायतरी. असलं काय दिसलं न्हाई मला."

"तेच म्हणतोय मी. दिसलं नाही. डावीकडचं तुम्हाला दिसत नाहीये. दुपारी खर्डा..."

"खर्डा काय?" त्यांचा आवाज चढला. "आता खर्ड्यावरनं माझी परीक्षा घेणार तू? चाळीस वरसं गाडी चालवतोय, एक ओरखडा न्हाई. ह्या डबड्यानं सांगायचं व्हय मला दिसतंय का न्हाई?" त्यांनी टीव्ही बंद केला. "सकाळी लवकर निघायचंय. मी पडतो."

किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात होती आणि शर्ट अंगात. मी काय करणार होते?

पहाटे गाडीची पूजा केल्यासारखी काच पुसून पप्पा तयार उभे होते. आक्का नऊवारी सावरत मागे बसली. तेवढ्यात आईनं डाव टाकला. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एक गोष्ट नीट कळली होती, की पप्पांना 'तुम्हाला जमणार नाही' असं कधी म्हणायचं नाही.

"अहो, गुडघा सुजलाय तुमचा," ती म्हणाली. "घाटात ब्रेकवर पाय लागतो. तोवर पाय राखा की. आंबा गावापर्यंत पोरीला घेऊ दे. हात तरी बसेल तिचा."

पप्पांनी गुडघ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आंब्यापर्यंत," ते म्हणाले. "घाटात मी."

मी गाडी घेतली. मलकापूर गेलं, रस्ता चढायला लागला. पप्पा शेजारी बसून गियरवर सूचना देत होते, मागे आक्का नातजावयाचं कौतुक सांगत होती.  आरशात आईचे डोळे दिसत होते. आंबा जवळ येऊ नये असं मला वाटत होतं, आणि ते आलंच.

घाटाच्या तोंडाशी एका टपरीवर थांबलो. चहा झाला. पप्पांनी हात पुढे केला.

"आण किल्ली."

"मी उतरवतो घाट, पप्पा."

"ठरलंय आपलं."

"नको ना."

"अगं बाई!" आक्का म्हणाली. "बापाला गाडीची किल्ली देत नाहीस? हे पुण्यात शिकलीस व्हय? दे त्याला. दहा वेळा उतरवलाय त्यानं हा घाट, डोळे मिटून उतरवंल."

आईनं माझ्याकडे बघितलं, पण आक्कासमोर तिच्या तोंडून शब्द फुटेना. माझ्याही. पप्पांनी माझ्या हातातून किल्ली घेतली. सगळे बसलो. मी डावीकडे, त्यांच्या शेजारी. त्यांनी आरसा लावून घेतला, उजवीकडे मान वळवून रस्ता बघितला, सगळं अगदी शिस्तीत. गाडी सुरू केली. चाकं जरा डावीकडे वळलेली होती. तेवढ्यात टपरीवाला आक्काचा पानाचा डबा हातात धरून धावत आला, आणि गाडीच्या डाव्या चाकापाशी, बॉनेटला हात टेकून उभा राहिला.

पप्पांनी गियर टाकला.

मी हँडब्रेक दोन्ही हातांनी धरला. "पप्पा, थांबा. समोर बघूनच सांगा. डावीकडं कोण आहे?"

"कोण न्हाई. मोकळं हाय. हात काढ."

"मामा," टपरीवाला म्हणाला, "आजींचा डबा राहिलाय."

आवाज डावीकडून आला. पप्पांची मान थांबली. मग ती हळूहळू वळली, आणि मला त्यांचे डोळे त्या माणसावर स्थिरावलेले दिसले. त्यांनी परत समोर बघितलं. परत डावीकडे. परत समोर. टपरीवाला बिचारा डबा पुढे करून उभा. पप्पा त्याला एकदा नजरेसमोर आणत होते, एकदा पुसत होते. समोर बघितलं, की तिथला जिवंत माणूस नाहीसा होत होता. हे त्यांना कळलेलं मला त्यांच्या कपाळावर दिसलं. घामाचे थेंब आले होते.

त्यांनी इंजिन बंद केलं.

"काय झालं रे हिंदू?" आक्का म्हणाली.

 आईनं खिडकीतून डबा घेतला. पप्पा उतरले, बॉनेटला हात लावत पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले. किल्ली माझ्या मांडीवर ठेवली. मी सरकून उजवीकडे बसले, ते माझ्या जागी.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, की मेंदूच्या मागच्या भागात लहानसा झटका येऊन गेलाय, कधी ते कुणालाच कळलं नाही. डोळे शाबूत, पण दोन्ही डोळ्यांना डावीकडचा निम्मा भाग दिसत नाही. माणसाला स्वतःला हे पुष्कळदा समजतच नाही, ते म्हणाले. तिथं काळोख दिसत नाही, काहीच दिसत नाही. वेळेवर आलात, म्हणाले, पुढचा मोठा झटका टाळता येईल. गोळ्या सुरू झाल्या. पप्पा आजही आहेत.

पण ते पुढचं. त्या सकाळी घाट मी उतरवत होते.  पप्पा समोर बघत बसले होते, हात मांडीवर. गियरवर सूचना नाही, वेगाबद्दल टोमणा नाही. मला वाटलं, आता हा माणूस आयुष्यात माझ्याशी बोलणार नाही. आक्कासमोर, रस्त्यात, मी त्यांची किल्ली घेतली होती.

मधल्या एका वळणावर खालून एक मोठा ट्रक वर आला. वळण अरुंद. तो रस्ता भरून येत होता, भोंगा वाजवत. मला गाडी डाव्या कडेला घ्यायला हवी होती, आणि कडेपलीकडे किती जागा आहे ते माझ्या जागेवरून कळेना. पुढे नेववेना, मागे घेता येईना. ट्रक जवळ आला. घाबरून मी सवयीनं ओरडले, "पप्पा, डावीकडं किती जागा आहे बघा की!"

बोलले आणि जीभ चावली. आरशात आईनं डोळे मिटून घेतलेले दिसले.

 पप्पांनी काच खाली केली.

"तिकडचं मला दिसत न्हाई, तेजू," ते म्हणाले. मोठ्यानं, आक्काला ऐकू जाईल असं. "थांब. मान बाहेर काढून सांगतो."

त्यांनी डोकं खिडकीबाहेर काढलं, पूर्ण डावीकडे वळून खाली बघितलं.

"घे. घे अजून. हाय जागा, भिऊ नको. अजून हातभर. घे... बास."

मी तिथं गाडी थांबवली, आणि ट्रक बाजूनं निघून गेला.